हलका हात

काही ज्ञान शाळेत मिळते, काही पुस्तकांतून मिळते आणि काही घराच्या उंबरठ्यावर बसल्याबसल्या मिळते. पहिल्या दोन प्रकारच्या ज्ञानाचा आपण आदर करतो; त्यासाठी परीक्षा घेतो, पदव्या देतो. उंबरठ्यावरच्या ज्ञानाला मात्र ज्ञान म्हणायलाही आपण सहसा तयार नसतो. केस कसे विंचरावेत, वेणी कशी घालावी, अंबाडा कोठे आणि किती आवळून बांधावा, हे काय लिहिण्याचे विषय आहेत, असे कोणीही विचारील. ज्याने सारे आयुष्य मराठीचे अध्यापन करण्यात घालविले, त्याने म्हातारपणी वेणीफणीवर लिहावे, याचे काहींना हसूही येईल. परंतु माझ्या हातून घडलेली एक मोठी चूक याच क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाशी जोडलेली आहे. आणि ती चूक होऊ नये एवढे शिक्षण मला वयाच्या दहाव्या वर्षीच मिळाले होते. म्हणून ही हकीकत सांगावी असे वाटते.

माझे बालपण कुर्डुवाडीला गेले. कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग आणि लातूर, पंढरपूर, मिरज या गावांना जोडणारा छोटा मार्ग येथे एकमेकांना भेटत. दिवसाचे प्रहर आम्ही घड्याळापेक्षा गाड्यांच्या शिट्ट्यांवरून ओळखत असू. माझे वडील छोट्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजला, की आई हातातले काम बाजूला ठेवी, फणेरपेटी घेऊन दाराशी बसे आणि वेणीफणी करी. अण्णा घरी येण्यापूर्वी आणि देवापाशी दिवा लागण्यापूर्वी तिचे केस बांधून झालेले असत.

आईचे केस कमरेखाली पोचत. पण ते अतिशय बारीक होते, रेशमाच्या धाग्यांसारखे. शेजारच्या बायका त्यांचे कौतुक करीत. आईला मात्र त्या केसांचे सुख नव्हते. मऊ केस एका जागी ठरत नसत. वेणी घालावी, तर तिचे पेड घटकाभरात निसटू लागत. अंबाडा बांधावा, तर तो मानेवर उतरे. विहिरीवरून पाणी आणायचे, चुलीपुढे वाकायचे, डोक्यावरचा पदर सांभाळायचा. अशा कामांत केस सुटून चालत नसे. म्हणून ती ते ओढून ओढून बांधी. कपाळापासून मागे अशी ताणून फणी नेई, की तिच्या भुवयांची टोके वर उचलली जात. मग साऱ्या केसांना एकदम पीळ देऊन ती डोक्याच्या मागे उंचावर घट्ट अंबाडा बांधी आणि त्यात आकडे खोचून टाकी.

रात्रीची जेवणे होईपर्यंत तिचे कपाळ दुखू लागे. मग सहाणेवर सुंठ उगाळली जाई. तिच्या कपाळावर लेप दिसला, की आम्ही भावंडे आपोआप हळू बोलू लागत असू. अर्धशिशी असावी, असे कोणी म्हणे. उन्हाचा त्रास असावा, असे दुसरे कोणी म्हणे. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा असा, की कोणत्याही दुखण्याचा दोष त्याच्यावर घालता येतो. केसांचा दोष असेल, असे मात्र कोणाच्याच मनात आले नाही. स्वतः आईच्याही नाही.

एके वर्षी कार्तिकी वारीला जाण्यासाठी माझी आजी, म्हणजे आईची आई, बार्शीकडच्या तिच्या खेड्यातून छोट्या गाडीने आली आणि दोन दिवस आमच्याकडे उतरली. संध्याकाळी आई नेहमीप्रमाणे दाराशी बसली होती. आजी शेजारी वाती वळीत होती. थोडा वेळ ती नुसती पाहत राहिली आणि मग म्हणाली, “अगं, केस बांधतेस, की कडब्याची पेंढी आवळतेस?”

आई म्हणाली, “काय करू, आई? सैल बांधले तर राहतच नाहीत.”

“आवळल्यानं केस राहत नसतात, बाई. गुंफल्यानं राहतात. सोड बघू ते.”

आजीने वातींची टोपली बाजूला सारली आणि ती आईच्या मागे येऊन बसली. त्यानंतर तिने जे केले, ते आज पन्नासहून अधिक वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

प्रथम तिने फणी हातात घेतलीच नाही. बोटांनीच केस मोकळे केले. मग तळहातावर थेंब-दोन थेंब खोबरेल घेऊन ते केसांच्या लांबीवरून फिरविले. “असल्या केसांना तेल बेतानंच लावावं,” ती म्हणाली. “जास्त झालं की ते अधिकच निसटतात, आणि निसटले की तू अधिक आवळतेस.” नंतर तिने रुंद दातांची फणी घेतली आणि विंचरायला सुरुवात केली ती टोकाकडून. शेवटची वीतभर लांबी आधी, मग त्याच्या वरची, मग त्याच्याही वरची. गुंता लागला, की गुंत्याच्या वरचे केस ती डाव्या मुठीत धरी आणि मग फणी चालवी. “ओढ बसली तर माझ्या मुठीला बसू दे, हिच्या डोक्याला नको,” असे ती मला म्हणाली. कारण तोपर्यंत मीही खेळ सोडून तिथे येऊन बसलो होतो.

केस मोकळे झाल्यावर तिने त्यांचे तीन सारखे पेड केले आणि मानेपाशी वेणी घालायला घेतली. पहिले दोन-तीन वेढे तिने इतके सैल ठेवले, की त्यांतून बोट सहज जाई. पुढे मात्र तिचा हात हळूहळू घट्ट होत गेला. वेणी निम्म्यावर आली, तेव्हा तिने फणेरपेटीतली काळी सुती आगवळ घेतली, ती दुहेरी करून पेडांत मिसळली आणि शेवटपर्यंत गुंफत नेली. त्या दोऱ्यामुळे बारीक केसांना अंग आले. शेवटी गाठही केसांना न पडता दोऱ्याला पडली. मग ती वेणी स्वतःभोवती गुंडाळून तिने मानेच्या वर, जेथे डोक्याची गोलाई संपते, तेथे खाली अंबाडा बसविला. आकडे चार लावले, पण चार बाजूंना. प्रत्येक आकडा थोडा अंबाड्यात आणि थोडा खालच्या केसांत असा अडकविला. त्याचे टोक डोक्याला कोठे टोचत नाही ना, हे तिने बोटाने चाचपून पाहिले.

“अंबाडा इतका खाली का?” मी विचारले.

“डोक्यावर घागर घ्यायची, पाटी घ्यायची, तर चुंबळ बसायला टाळू मोकळी नको का?” आजी म्हणाली. मग तिने आईला समोर वळविले. “आता भुवया वर कर बघू. कपाळ ओढतं का?”

आईने भुवया उंचावल्या. “नाही,” ती म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली.

त्या रात्री सहाणेवर सुंठ उगाळली गेली नाही. निजण्यापूर्वी आजीने तो अंबाडाही सोडायला लावला आणि केसांची एक सैल वेणी घालून दिली. “दिवसभर राबतात ते हात रात्री मोकळे सोडतेस ना? मग केसांनी काय केलं?” असा तिचा प्रश्न होता. जाताना तिने आणखी दोन गोष्टी बजावल्या. न्हाल्यावर ओल्या केसांची वेणी घालू नये, आणि वेणी रोज त्याच रेषेवर, त्याच जागी ओढू नये.

हा सारा प्रकार अण्णा कारखान्यातून आल्याआल्या पायरीवर उभे राहून पाहत होते. ते मला म्हणाले, “ऐकलंस का? तुझ्या आजीनं आपल्या छोट्या गाडीचंच गणित सांगितलं.”

मला काही कळले नाही. तेव्हा पुढच्या रविवारी ते मला यार्डात घेऊन गेले. त्यांनी मला मोठ्या मार्गाचा रूळ दाखविला आणि मग छोट्या मार्गाचा. मोठ्या रुळापुढे छोटा रूळ अगदी किरकोळ दिसत होता. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या कल्पनेतून उभी राहिलेली. १८९७ साली तिची पहिली गाडी कुर्डुवाडी आणि बार्शी यांच्या दरम्यान धावू लागली. त्या वेळी आमच्या स्टेशनला बार्शी रोड म्हणत. पुढे १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, आणि रूळ वाराला तीस पौंड वजनाचे. एवढ्या बारीक रुळांवरून धान्याची, कापसाची पोती आणि वारकऱ्यांनी खचाखच भरलेले डबे कसे जात असतील?

अण्णांनी खाली वाकून मला चाके मोजायला सांगितली आणि म्हणाले, “कॅलथ्रॉपसाहेबानं एक नियम केला होता. चाकांची जोडी ज्या दांड्यावर बसते तो आस. इंजिन असो, डबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. म्हणून त्याच्या पहिल्या इंजिनांना बारा-बारा चाकं होती. भार तेवढाच, पण तो वाटला गेला. रूळ बारीक आहे म्हणून गाडी अडत नाही, बाळ. सगळा भार एका जागी आला, तर अडते.”

आईच्या अंबाड्याचे चार आकडे चार बाजूंना का लावले, आणि ओढ वेणीच्या मुळाशी न ठेवता तिच्या लांबीभर का पसरविली, हे मला त्या दिवशी रुळांशेजारी उभे राहून समजले. दहा वर्षांच्या मुलाला जेवढे समजावे, तेवढे ते मला पूर्ण समजले होते. दुर्दैव एवढेच, की पुढे मी पुष्कळ शिकलो आणि ते विसरलो.

मी एम. ए. झालो, शिक्षक झालो, यथाकाल मुख्याध्यापक झालो. त्या शाळेचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. चूक शाळेची नव्हती, माझी होती. शिस्तीविषयी माझ्या कल्पना फार कडक होत्या. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात, त्या दुमडून कानांपाशी लाल रिबिनींनी बांधाव्यात आणि त्या सुटता कामा नयेत, असा नियम होता. प्रार्थनेच्या वेळी मी स्वतः रांगांमधून फिरत असे. जिची वेणी सैल दिसे, तिला रांगेतून बाहेर काढून पुन्हा वेण्या घालून यायला सांगत असे. टापटीप वेण्या म्हणजे टापटीप मन, असे काहीतरी वाक्यही मी अधूनमधून ऐकवीत असे.

२००३ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक शांत, हुशार मुलगी होती. तिचे केस लांब आणि फार बारीक होते. जूनमध्ये उत्साहाने वर्गात येणारी ती मुलगी ऑगस्टपासून तिसऱ्या तासाला कपाळ धरून बसू लागली. गणिताच्या शिक्षकांनी तक्रार केली. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, म्हणून आम्ही तिचे डोळे तपासून घ्यायला सांगितले. डोळे उत्तम होते. सहामाही परीक्षेत तिचे गुण एकदम घसरले. तेव्हा उत्तरपत्रिका देताना मी सर्व वर्गासमोर तिला म्हणालो, “अभ्यास नको असला, की डोके दुखतेच.”

वर्ग हसला. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिने डोके दुखते असे कधी सांगितले नाही, आणि मला वाटले, माझ्या एका वाक्याने दुखणे बरे झाले. शिक्षकाच्या आयुष्यात असे समाधानाचे क्षण येतात, आणि त्यांतले काही अगदी खोटे असतात.

दिवाळीनंतर ती बरेच दिवस शाळेत आली नाही. मग एके दिवशी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मळलेली टोपी हातात धरून ते उभे होते. “पोरगी वर्गात डोकं धरून बसती म्हणतात. तिला अभ्यास झेपत न्हाई, सर. घरी ठिवावी म्हणतो. तिच्या आईला कामाला तेवढीच मदत.” अर्ज त्यांनी कोणाकडून तरी लिहून आणला होता. मी तो वाचला आणि सहीसाठी लेखणी उचलली. आठवीतली मुलगी एकदा घरी बसली, की पुन्हा शाळेत येत नाही, हे मला माहीत होते. तरीही मी लेखणी उचलली होती, हे मला लपवायचे नाही.

त्याच वेळी आमच्या शाळेतील सेविका पाण्याचे पेले घेऊन आत आल्या होत्या. सारी शाळा त्यांना मावशी म्हणे. त्या पेले ठेवून गेल्या नाहीत; तिथेच उभ्या राहिल्या.

“सर, रागावू नका, पण एक बोलू का?” त्या म्हणाल्या. “पोरीला अभ्यास झेपतोय. तिचं डोळं बी चांगलं हायती. दुपारच्या सुट्टीत ती टाकीमागं जायची, वेण्या सोडायची अन् डोकं दाबून बसायची. घंटा झाली की पुन्ना आवळायची. केस लई बारीक हायती तिचं, ठरत न्हाईत. तुमच्या भ्यानं आवळती ती.”

खोलीत कोणी बोलेना. बाहेर कोणत्या तरी वर्गात पाढे चालले होते. मला एकाएकी आजीचा आवाज ऐकू आला: केस बांधतेस, की कडब्याची पेंढी आवळतेस?

मी अर्ज बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन येण्याची तिच्या वडिलांना विनंती केली. ती आली. शाळेत यायचे म्हणून तिने नेहमीप्रमाणे वेण्या घातल्या होत्या. त्या इतक्या ओढलेल्या होत्या, की भुवयांची टोके वर उचलली गेली होती. ती खूण मी लहानपणी रोज पाहिली होती, आणि शाळेत चार महिने रोज पाहून मला ती दिसली नव्हती.

“बाळ, वेण्या फार घट्ट होतात का?” मी विचारले.

तिने आधी वडिलांकडे पाहिले, मग जमिनीकडे. “सैल झाल्या तर परत पाठवतात, सर,” ती म्हणाली.

कोण परत पाठवितात, ते तिने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

हळूहळू सारे कळले. तिची आई पहाटेच मजुरीला जाई. म्हणून मुलगी आपल्या वेण्या आपणच घाली. न्हाण्याच्या दिवशी केस वाळायला वेळ नसे, तेव्हा ओल्या केसांचीच वेणी घालावी लागे. प्रत्येक वेणीच्या मुळाशी ती आधी रबर गुंडाळी, दोन-तीन वेढे देऊन. त्यावर वेणी, आणि वेणी दुमडून पुन्हा कानापाशी रिबिनीची गाठ. म्हणजे सारा दिवस मुळांना वर ओढ. एवढे करून ती शाळेत वेळेवर येत होती, आणि आम्ही तिचे डोळे तपासून घेत होतो.

मावशींनी तिला शिक्षिकांच्या खोलीत नेले. रबर ओढून न काढता त्यांनी ते कात्रीने कापले आणि केस मोकळे करून तिला काही वेळ नुसते बसू दिले. मग टोकाकडून विंचरत, मुळाशी सैल ठेवत, निम्म्यापासून रिबीन आगवळीसारखी पेडांत गुंफत त्यांनी एकच वेणी घातली. दाराशी उभा राहून मी माझ्या आजीची पद्धत सांगू लागलो, तेव्हा मावशी मागे न पाहता म्हणाल्या, “सर, ते ठावं हाय आमाला.” एका तासात मुलीचे कपाळ उतरले.

तिचे वडील कार्यालयात बसून होते. त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला, त्याची चौपदरी घडी घातली आणि तो खिशात ठेवला. ते जाताना काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्व शाळेसमोर सांगितले, की या मुलीला मी वर्गासमोर जे बोललो, ते चूक होते. तिचे डोके खरोखरच दुखत होते, आणि ते माझ्या नियमामुळे दुखत होते. जे सर्वांसमोर बोललो, ते सर्वांसमोरच मागे घ्यायला हवे होते. त्या नियमाऐवजी आम्ही एवढेच लिहिले: ‘केस स्वच्छ व नीट बांधलेले असावेत.’ कसे बांधावेत, ते ज्याचे त्याने ठरवावे. त्या शनिवारचा शेवटचा तास मी मावशींना दिला. मुलगे बाहेर जायला निघाले, तेव्हा मी त्यांनाही बसवून घेतले. “आम्हाला काय उपयोग, सर?” असे एकाने विचारले. “घरी धाकटी बहीण नाही का?” असे मावशींनीच त्याला विचारले. तो बसला.

पुढे मी जरा वाचनही केले. जे आजीने बोटांनी सांगितले होते, तेच पुस्तकांत शब्दांनी सांगितलेले आढळले. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाला स्वतःला वेदना नसते; म्हणून तो कापला तरी दुखत नाही. पण त्याचे मूळ त्वचेतल्या ज्या सूक्ष्म पिशवीत रुतलेले असते, तिच्याभोवती ज्ञानतंतूंचे जाळे असते. ओढ बसते ती तेथे. जाड केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, बारीक केस त्याच्या निम्मा. बारीक केस एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून माणूस ते अधिक आवळतो. वास्तविक वेणी टिकते ती आवळण्याने नव्हे, पेडांनी एकमेकांना दिलेल्या आधाराने. ओला केस ताणला की लांबतो आणि वाळताना आखडतो. म्हणून ओली घातलेली वेणी वाळता वाळता आपोआप घट्ट होत जाते.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरच्या ओढीमुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे. ओढ काढली, की ती तासाभरात थांबते, हे तिचे लक्षण. २००४ साली लंडनमधील ब्लाऊ नावाच्या डॉक्टरांनी ९३ स्त्रियांना विचारले, तेव्हा त्यांपैकी ५० जणींनी केस मागे आवळून बांधल्यामुळे डोके दुखल्याचे सांगितले. वर्षानुवर्षे ओढ बसत राहिली, तर कपाळावरचे केस विरळ होत जातात. हे ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या बाबतीत १९०७ सालीच नोंदले गेले होते. अर्थात, केस मोकळे सोडूनही डोके दुखायचे राहत नसेल, उलट्या होत असतील किंवा अंधुक दिसत असेल, तर दोष वेणीचा नाही असे समजून डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

वाचताना आणखी एक गोष्ट मनाला लागली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे त्या मुलीच्या कमरेशी पोचलेल्या केसांची टोके सहा-सात वर्षांपूर्वीची होती. ती पहिलीत आली, तेव्हाची. शाळेत काढलेली तिची सगळी वर्षे त्या वेणीत होती, आणि मी ती चार महिन्यांत तिला नकोशी करून टाकली होती.

मराठीचा शिक्षक असल्यामुळे शब्दांकडेही माझे लक्ष गेले. आपण केस विंचरतो, खोपा घालतो, वेणी घालतो. हार घालावा, तशी वेणी घालावी. ‘वेणी आवळणे’ असे आपल्या भाषेत कोणी म्हणत नाही. तीन नद्या एकत्र आल्या, तर त्या संगमाला आपण त्रिवेणी म्हणतो. तेथेही कोणी कोणाला ओढीत नाही, प्रत्येकीला वाट असते. ज्या बायकांनी हे शब्द घडविले, त्यांना ही विद्या ठाऊक होती. ते शब्द शिकविणाऱ्या मला ती ठाऊक नव्हती.

ती मुलगी पुढे आमच्याच शाळेतून दहावी झाली. निरोपसमारंभाच्या दिवशी तिची एकच लांब, सैल वेणी पाठीवर होती आणि तिच्या शेवटी लाल रिबीन. मला सांगितले गेले, की आई लवकर कामाला जाते, म्हणून ती वेणी त्या दिवशी तिच्या वडिलांनी घातली होती.

आता मी निवृत्त होऊन कुर्डुवाडीलाच राहतो. ती छोटी गाडी राहिली नाही. मार्ग रुंद झाला, रूळही भारी आले. गेल्या वर्षापासून माझ्या पत्नीचा उजवा खांदा आखडला आहे. हात डोक्यामागे जात नाही. म्हणून संध्याकाळी फणेरपेटी घेऊन आम्ही दोघे दाराशी बसतो. तिचे केस आता पांढरे आणि फार विरळ झाले आहेत. मी टोकाकडून विंचरायला सुरुवात करतो, गुंता आला की वरचे केस मुठीत धरतो. तीन पेड सारखे करायला मला अजून वेळ लागतो. वेणी पुरी झाली, की मी एक प्रश्न विचारतो. मुख्याध्यापक असताना तो मी विचारला असता, तर एका मुलीचे चार महिने वाचले असते.

“घट्ट नाही ना झाली?”

ती भुवया उंचावून पाहते आणि म्हणते, “नाही हो. बरी आहे.”